प्रोसेसरऐवजी हवेला विचारून चालवलेले कॅबिनेटचे पंखे : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील संगणक व्हिडिओ संपादनाचे काम घरातूनच करणाऱ्या एका व्यावसायिकाचा होता. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा उल्लेख पुढे केवळ ‘संपादक’ असा केला आहे. ज्या खोलीत ते दिवसभर संकलन करत, त्याच खोलीत संध्याकाळी निवेदनाचे ध्वनिमुद्रण होत असे, आणि कॅबिनेट टेबलाखालच्या कप्प्यात, मायक्रोफोनपासून जेमतेम दीड मीटरवर ठेवलेले होते. यंत्र तसे नेहमीचेच होते : मध्यम आकाराचे कॅबिनेट, पुढच्या बाजूला हवा आत घेणारे १४० मिलिमीटरचे दोन पंखे, मागे हवा बाहेर टाकणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा, प्रोसेसरवर हवेने थंड होणारा उंच कूलर आणि पूर्ण भारावर सुमारे २५० वॅट वीज घेणारे ग्राफिक्स कार्ड. तिन्ही पंखे चार पिनांचे होते, मदरबोर्डला जोडलेले होते आणि मदरबोर्डच्या मूळ मांडणीनुसार प्रोसेसरच्या तापमानावर चालत होते.

संपादकांनी मला विचारले होते ते एवढेच, की पंखे बदलायचे आहेत, तर शांत पंखे कोणते. त्या प्रश्नाचे थेट उत्तर देऊन मोकळे होणे सोपे होते. परंतु अर्धा तास त्या खोलीत बसल्यावर असे लक्षात आले, की पंख्यांच्या आवाजापेक्षा तो आवाज कधी वाढतो आणि कधी वाढत नाही, हीच खरी तक्रार होती.

अडचण

तक्रारी दोन होत्या आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. संगणकावर फारसे काम चालू नसतानाही, एखादा प्रोग्रॅम उघडला किंवा मोठे वेब पान उघडले की दोन सेकंदांत पंख्यांचा आवाज चढत असे आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरत असे. निवेदन चालू असताना मागे ही चढउतार ऐकू येई आणि संकलनात ती पुसून काढणे कठीण जाई, कारण एकसारखा आवाज गाळता येतो, बदलता आवाज तितक्या सहज गाळता येत नाही. उलट रात्री लांबलचक रेंडरिंग (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करण्याचे काम) लावले की पंखे सावकाश फिरत राहत, आणि ग्राफिक्स कार्ड मात्र इतके तापे की ते स्वतःचाच वेग कमी करून घेई.

या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. प्रोसेसरची सिलिकॉन चकती आकाराने अगदी लहान असते, त्यामुळे कामाचा झटका आला की तिचे तापमान एका सेकंदात २० ते ३० अंशांनी उडी घेऊ शकते आणि काम संपताच तितक्याच वेगाने खाली येते. त्या एका सेकंदात कॅबिनेटमधील हवेला काहीही झालेले नसते, हीटसिंकदेखील (चिपवर बसवलेला, उष्णता शोषणारा धातूचा भाग) अजून नीट गरम झालेला नसतो. तरीही कॅबिनेटचे पंखे मात्र धावू लागतात. रेंडरिंगमध्ये चित्र नेमके उलटे होते. सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असल्याने प्रोसेसर तुलनेने थंड राहतो, मदरबोर्डला त्याखेरीज दुसरे काही दिसत नाही, आणि २५० वॅट उष्णता कॅबिनेटच्या आत सोडली जात असताना ती बाहेर काढण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते पंखे आरामात असतात.

कॅबिनेटच्या पंख्याचे काम कोणत्याही चिपला थंड करण्याचे नसते, हा मुद्दा येथे मध्यवर्ती आहे. चिपवरची उष्णता हवेत सोडणे हे हीटसिंकचे व त्यावरील पंख्याचे काम आहे. कॅबिनेटच्या पंख्याने ती तापलेली हवा बाहेर काढून तिच्या जागी खोलीतील हवा आणायची असते. हवेसाठी काम करणाऱ्या पंख्याला हवेचे तापमानच सांगितले जात नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता पंखे एकाच स्थिर वेगावर ठेवण्याचा. तो हास्यास्पद मुळीच नव्हता, अनेक ठिकाणी तो पुरतो. पण या खोलीत रेंडरिंगला पुरेसा वेग ध्वनिमुद्रणाला जास्त होता आणि ध्वनिमुद्रणाला चालणारा वेग रेंडरिंगला कमी, म्हणून तो बाजूला पडला. दुसरा पर्याय बायॉसमध्येच (मदरबोर्डच्या स्वतःच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) उपलब्ध होता : प्रोसेसरच्या तापमानाला प्रतिसाद देण्यात काही सेकंदांचा विलंब ठेवणे. त्याने पहिली तक्रार बरीच कमी झाली असती, दुसरी जशीच्या तशी राहिली असती.

तिसरा पर्याय सॉफ्टवेअरचा होता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोहोंपैकी ज्याचे तापमान अधिक, त्यानुसार पंखे फिरवायचे. हा मार्ग फुकटचा आणि बहुतेकांसाठी योग्य आहे, आणि मी तो आजही सर्वांत आधी सुचवीन. येथे तो नाकारण्याचे कारण असे, की संपादकांच्या यंत्रावर दोन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम होत्या, तेव्हा तीच मांडणी दोनदा करून ती सांभाळत बसावी लागली असती. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिम अडकून पडली तर सॉफ्टवेअरने शेवटी दिलेला वेगच पंख्यांवर कायम राहतो, ही गोष्ट रात्रभर देखरेखीविना चालणाऱ्या यंत्रासाठी मला पटत नव्हती.

चौथा पर्याय मदरबोर्डवरच होता. अनेक मदरबोर्डांवर बाहेरच्या थर्मिस्टरसाठी (तापमानानुसार विद्युत रोध बदलणाऱ्या सेन्सरसाठी) दोन पिनांची जागा असते, तिथे २५ अंशांना १० किलो-ओहम रोध असणारा साधा थर्मिस्टर जोडला की बायॉसमध्ये पंख्यासाठी तापमानाचा स्रोत म्हणून तो निवडता येतो. याही मदरबोर्डवर ती जागा होती, पण एकच. आणि येथे संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय समोर आला : हवेचे तापमान मोजायचे की हवेच्या तापमानातील वाढ मोजायची?

तापमान की तापमानातला फरक

एकाच सेन्सरने कॅबिनेटमधील हवा ४० अंशांवर असल्याचे सांगितले, तर त्यावरून पंख्याने काय करावे हे ठरत नाही. खोली २५ अंशांवर असेल तर आत उष्णता साचते आहे आणि पंख्याने वेग वाढवायला हवा. खोलीच ३५ अंशांवर असेल तर आतली हवा केवळ पाच अंशांनी तापली आहे, पंखा आपले काम उत्तम करतो आहे, आणि वेग वाढवून हाती फक्त आवाज लागणार आहे. संपादकांच्या खोलीत ऋतूनुसार आणि दिवसाच्या वेळेनुसार २२ पासून ३३ अंशांपर्यंत फरक पडत असे. एका सेन्सरवर बसवलेली मांडणी दर काही आठवड्यांनी बदलावी लागली असती.

बाहेर जाणाऱ्या हवेच्या आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानातील फरक मात्र थेट उष्णतेशी बांधलेला असतो. हवेची घनता साधारण १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा सुमारे १००५ ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धरला, तर यंत्र एकूण ३५० वॅट उष्णता सोडत असताना हवेची तापमानवाढ १० अंशांवर रोखण्यासाठी तासाला सुमारे १०४ घनमीटर हवा कॅबिनेटमधून जावी लागते. वाढ १५ अंश चालत असेल तर सुमारे ७० घनमीटर पुरते. हवा दुप्पट केली की वाढ निम्मी होते, पण पुढची प्रत्येक दुप्पट आधीपेक्षा कमी अंश वाचवते. म्हणजे १६ अंशांवरून ८ वर येताना ८ अंश मिळतात, आणि ८ वरून ४ वर येताना चारच.

आवाजाचा हिशेब याच्या उलट चालतो. पंख्याच्या वेगात होणाऱ्या बदलामुळे आवाज किती बदलेल याचा ढोबळ नियम असा, की दोन वेगांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमला ५० ने गुणले की डेसिबलमधील फरक मिळतो. वेग दुप्पट केला तर सुमारे १५ डेसिबल. वेग वाढवण्याची किंमत चढत जाते आणि लाभ उतरत जातो, त्यामुळे मध्ये कुठेतरी थांबण्याची जागा असते आणि ती जागा तापमानातील फरकावरून शोधता येते, नुसत्या तापमानावरून नाही.

याला एक रास्त आक्षेप आहे आणि तो संपादकांनीच घेतला. चिपला फरकाशी देणेघेणे नसते, तिची मर्यादा अंशांत ठरलेली असते. खोली ३३ अंशांवर असताना ग्राफिक्स कार्ड आपल्या मर्यादेच्या अधिक जवळ असणार, मग तेव्हा तरी पंखे जोरात नकोत का? आक्षेप बरोबर आहे, पण जोरात फिरवून मिळते किती, हे पाहिले पाहिजे. वरच्याच हिशेबाने, पंखे ६६ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेले तर हवेची वाढ सुमारे १२ अंशांवरून ८ वर येते. चार अंशांसाठी नऊ डेसिबल मोजावे लागतात. संपादकांनी काही क्षण विचार करून तो सौदा नाकारला, मात्र वरची एक कमाल मर्यादा ठेवावी असा आग्रह धरला. पुढे हाच आग्रह उपयोगी पडला.

फरक मोजायचा तर सेन्सर दोन हवेत, आणि मदरबोर्ड वजाबाकी करत नव्हता. म्हणून पाचवा पर्याय निवडला गेला : १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा ३२८ या चिपचा छोटा बोर्ड, दोन थर्मिस्टर आणि पंख्यांना वीज पुरवठा थेट पॉवर सप्लायमधून.

जोडणी

चार पिनांच्या पंख्यात एक पिन जमिनीची (ग्राउंडची), एक १२ व्होल्टची, एक वेग सांगणारी आणि एक वेग ठरवणारी असते. वेग ठरवणाऱ्या तारेवर २५ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम संकेत (झपाट्याने चालू-बंद होणारा, चालू राहण्याच्या प्रमाणातून वेग सांगणारा) अपेक्षित असतो, आणि त्या तारेला पंख्याच्या आतूनच वर खेचलेले असते, नियंत्रकाने तिला फक्त जमिनीकडे ओढायचे असते. याचा एक मोठा फायदा आहे : तार मोकळी सुटली की पंखा पूर्ण वेगाने फिरतो. हा गुण राहावा म्हणून बोर्डची पिन पंख्याला थेट न जोडता मध्ये ट्रान्झिस्टर घातला, म्हणजे बोर्ड बंद पडला किंवा रिसेट झाला तर ट्रान्झिस्टर ती तार मोकळी सोडेल आणि पंखे थांबण्याऐवजी धावतील. बोर्डच्या टायमरची कमाल मोजणी ३२० वर ठेवली की वरखाली मोजण्याच्या पद्धतीत बरोबर २५ किलोहर्ट्झ मिळतात.

वेग सांगणाऱ्या तारेवर पंख्याच्या दर फेऱ्यामागे दोन स्पंदने येतात. तिन्ही पंख्यांच्या या तारा एकत्र जोडण्याची चूक सर्रास होते आणि मग आकडे निरर्थक येतात, म्हणून प्रत्येक पंख्याची तार वेगळी ठेवली.

थर्मिस्टर एक टक्का अचूकतेचे घेतले. पाच टक्क्यांचे घेतले असते तर प्रत्येकात सुमारे एक अंशाचा फरक संभवतो, कारण अशा थर्मिस्टरचा रोध खोलीच्या तापमानाला दर अंशाला साधारण चार टक्क्यांहून थोडा अधिक बदलतो. नुसते तापमान मोजताना एक अंशाने बिघडत नाही, पण येथे दोन मापांची वजाबाकी होणार होती आणि दोन्हीकडची चूक मिळून पाच अंशांच्या मापात दोन अंशांचा घोळ होऊ शकला असता. तरीही खात्रीसाठी दोन्ही थर्मिस्टर एकत्र बांधून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, साध्या पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवले आणि दोघांत जो किंचित फरक आला तो प्रोग्रॅममध्ये वजा केला.

सेन्सर कुठे बसवायचे

सर्वाधिक वेळ येथे गेला, आणि पहिले दोन्ही प्रयत्न फसले.

बाहेर जाणाऱ्या हवेचा सेन्सर मी आधी कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला आतून चिकटपट्टीने लावला. गरम हवा वर जाते, हा त्यामागचा शाळकरी विचार. पंखे फिरत असलेल्या कॅबिनेटमध्ये मात्र हवा पंखे ढकलतील तिकडे जाते, आणि पत्र्याला चिकटलेला सेन्सर हवेचे नव्हे तर पत्र्याचे तापमान सांगतो. मापात मिनिटांचा विलंब येत होता. मग तो ग्राफिक्स कार्डाच्या वर, मोकळ्या हवेत लोंबता ठेवला. तेथे कार्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीचे प्रारण त्याच्यावर पडे आणि आकडा दहा-दहा अंशांनी फुगत असे. अखेर मागच्या पंख्यासमोर, आतल्या बाजूने सुमारे तीन सेंटिमीटर अंतरावर, प्लॅस्टिकच्या पट्ट्याने तो अधांतरी बांधला. जी हवा खरोखर बाहेर जाते आहे तीच तेथे त्याच्यावरून वाहते, आणि वाहती हवा त्याला धातूच्या प्रभावापासून बऱ्यापैकी सोडवते.

या जागेचा एक दोष मान्य केला पाहिजे. मागचा पंखा प्रोसेसरच्या कूलरच्या अगदी मागे असल्याने तिथल्या हवेत प्रोसेसरच्या उष्णतेचा वाटा प्रमाणापेक्षा जास्त असतो. वरच्या बाजूला बाहेर टाकणारा पंखा असता तर दोन ठिकाणी मोजून सरासरी घेतली असती.

आत येणाऱ्या हवेचा सेन्सर धुळीच्या फिल्टरच्या आणि पुढच्या पंख्याच्या मध्ये बसवला. त्यात काही कठीण नव्हते. पण पहिल्याच दिवशी त्याने जे दाखवले त्याने सगळ्या प्रकरणाची दिशा थोडी बदलली. खोलीतल्या साध्या तापमापकावर २७ अंश होते आणि हा सेन्सर ३२ दाखवत होता. सेन्सर चुकला असे समजून मी तो पुन्हा तपासला, तो बरोबर होता. टेबलाखालच्या कप्प्याला मागून फळी होती. कॅबिनेटमधून बाहेर पडलेली गरम हवा त्या फळीवर आदळून दोन्ही बाजूंनी पुढे येत होती आणि पुढचे पंखे तीच हवा पुन्हा आत ओढत होते.

फरकावर चालणाऱ्या नियंत्रणाला हा दोष कधीच दिसला नसता. आत ३२, बाहेर ४४, फरक १२, सारे आलबेल. आत ३९ आणि बाहेर ५१ झाले असते तरी फरक बाराच राहिला असता. कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाच्या शेजारी, भिंतीपासून एक वीत अंतरावर ठेवल्यावर आत येणारी हवा खोलीच्या तापमानावर आली, आणि एकाही पंख्याचा वेग न वाढवता रेंडरिंगमधील ग्राफिक्स कार्डाचे तापमान जवळपास तितक्याच अंशांनी उतरले. यानंतर संपादकांनी आग्रह धरलेली कमाल मर्यादाही प्रोग्रॅममध्ये घातली : बाहेर जाणारी हवा ४८ अंशांच्या वर गेली की फरक काहीही असो, वेग वाढवायचा.

नियंत्रणाची आखणी

आखणी मुद्दाम साधी ठेवली. फरक ५ अंशांपर्यंत असेल तर पंखे ३० टक्क्यांवर, १४ अंशांना ७५ टक्क्यांवर, आणि मध्ये सरळ रेषा. हव्या आकड्यापासूनच्या तफावतीची बेरीज साठवत जाऊन ती तफावत शून्यावर आणणारे अधिक काटेकोर नियंत्रण वापरता आले असते, पण फरक नेमका १२.० अंशांवर टिकवण्याची येथे कोणालाच गरज नव्हती. अशा नियंत्रणाचा एक स्वभावदोषही असतो : पंखा कमाल वेगाला पोहोचल्यावरही बेरीज साठत राहते आणि भार उतरल्यानंतर पंखा बराच वेळ उगीच धावतो.

किमान ३० टक्के हा आकडा पंखे हळूहळू मंद करत, वेगाच्या तारेवरची स्पंदने बघून ठरवला. पंखे पूर्ण थांबवण्याचा मोह टाळला, कारण हवा वाहिली नाही तर बाहेर जाणाऱ्या हवेचा सेन्सर साचलेल्या हवेत अडकतो आणि त्याचा आकडा कशाचाच उरत नाही. हवेच्या सेन्सरवर चालणाऱ्या पंख्याला स्वतःचे डोळे उघडे ठेवण्यासाठी सतत थोडे फिरावेच लागते.

कॅबिनेटमधील हवा सावकाश तापते, म्हणून हवेवर आधारलेले नियंत्रण आपोआप शांत असते, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. साठ लिटरच्या कॅबिनेटमधून तासाला ७० घनमीटर हवा जात असेल तर आतली सगळी हवा सुमारे तीन सेकंदांत बदलते. सावकाशपणा हवेत नसून हीटसिंकच्या धातूत असतो, उष्णता आधी त्यात मुरते आणि मग हवेत उतरते. म्हणून मापाची ३० सेकंदांची सरासरी घेतली, वेग सेकंदाला एक टक्क्याहून अधिक वाढणार नाही आणि तीन सेकंदांना एक टक्क्याहून अधिक उतरणार नाही असे बंधन घातले, आणि तीन टक्क्यांपेक्षा लहान बदल करायचाच नाही असे ठरवले. शेवटच्या नियमाचा तापमानावर काहीच परिणाम होत नाही. तो फक्त कानासाठी आहे.

पुढचे दोन पंखे एकाच वेगाने फिरताना त्यांच्या सुरांचा हलकासा हेलकावा ऐकू येई. त्यांतल्या एकाचा वेग पाच टक्क्यांनी कमी केल्यावर तो गेला.

निसटलेली तार

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी संपादकांचा निरोप आला की रात्रीचे रेंडरिंग नेहमीपेक्षा बराच वेळ चालले आणि पंखे मात्र अगदी शांत आहेत. कॅबिनेट उघडून पाहिले तर मागच्या सेन्सरची तार जोडणीतून सुटली होती.

या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की कमी होतो आणि गारव्यात वाढतो. तार तुटली म्हणजे रोध अनंत, आणि प्रोग्रॅमच्या दृष्टीने अनंत रोध म्हणजे कडाक्याची थंडी. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा कितीतरी थंड आहे असे समजून प्रोग्रॅमने फरक ऋण काढला आणि रात्रभर पंखे किमान वेगावर ठेवले. पुढच्या सेन्सरची तार सुटली असती तर उलटे झाले असते : आत येणारी हवा बर्फासारखी, फरक प्रचंड, पंखे पूर्ण वेगाने, आणि दोष पाच मिनिटांत ऐकू आला असता. दोन सारख्या दिसणाऱ्या तारांपैकी एकीचे तुटणे गोंगाटाचे आणि दुसरीचे मुके होते, आणि मी या दोहोंतला फरक कागदावर कधी मांडलाच नव्हता. बोर्ड बंद पडला तर पंखे धावतील याची काळजी घेतली होती, पण बोर्ड ठणठणीत असून त्याला खोटे सांगितले जात असेल तर काय, हा प्रश्न विचारायचा राहून गेला. चूक माझी होती. यंत्राचे नुकसान झाले नाही, ग्राफिक्स कार्डाने स्वतःला मंद करून वाचवले.

त्यानंतर प्रोग्रॅममध्ये तीन नियम आले. कोणत्याही सेन्सरचा आकडा उणे १० ते ८० अंशांच्या बाहेर गेला तर तो सेन्सर मेला असे समजून पंखे ८० टक्क्यांवर न्यायचे. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दोन अंशांहून अधिक थंड दिसली तरी तेच करायचे, कारण चालू यंत्रात ते अशक्य आहे. आणि बोर्डचा वॉचडॉग (प्रोग्रॅमवर पहारा ठेवणारा टायमर) चालू ठेवायचा, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड स्वतःच रिसेट होईल. जोडणीची पिनही चिमटा असलेली घेतली. थर्मिस्टरऐवजी डीएस१८बी२० हा अंकी सेन्सर घेतला असता तर ही वेळ आली नसती, असे नंतर एकाने सुचवले. त्याची अचूकता खरोखर चांगली, अर्ध्या अंशाची आहे. पण तो चालू होताना मोजमाप पूर्ण होण्याआधी वाचला तर ८५ अंश सांगतो, आणि तुटल्यावर त्याच्या प्रचलित लायब्ररीतून उणे १२७ येते. नियम तिथेही लिहावेच लागतात.

परिणाम

ध्वनिमुद्रणाच्या वेळी, यंत्र साधारण ७० वॅटवर असताना, फरक पाच अंशांच्या थोडा वर राहतो आणि पंखे ३० ते ३२ टक्क्यांच्या दरम्यान स्थिर असतात. प्रोग्रॅम उघडल्याने होणारी उसळ पूर्णपणे गेली आहे, प्रोसेसरचा स्वतःचा पंखा अजूनही थोडा चढतो पण तो मायक्रोफोनपर्यंत पोहोचत नाही. रेंडरिंगमध्ये फरक सुमारे १२ अंशांवर आणि पंखे ६६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतात, तिथपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात, आणि ग्राफिक्स कार्ड आता वेग कमी करून घेत नाही.

हवेच्या सेन्सरला न दिसणारे काही भाग तसेच राहिले. ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेली एम.२ ड्राइव्ह (मदरबोर्डवर बसणारी साठवणुकीची छोटी पट्टी) मोठ्या फाइली लिहिताना तापते, पण तिची उष्णता जेमतेम काही वॅट असल्याने बाहेर जाणाऱ्या हवेत तिचा मागमूसही लागत नाही. तिच्यावर वेगळा हीटसिंक बसवला. हवेचे तापमान सरासरी सांगते, कोपऱ्यातली गोष्ट सांगत नाही.

आज पुन्हा करायचे झाल्यास

सेन्सर सर्वांत आधी घेईन, बोर्ड नंतर. पहिल्या आठवड्यात काहीही नियंत्रित न करता केवळ तीन आकडे लिहून काढीन : खोली, आत येणारी हवा, बाहेर जाणारी हवा. कप्प्याचा दोष त्या नोंदीतून पहिल्याच संध्याकाळी दिसला असता, आणि कॅबिनेट हलवल्यानंतर मदरबोर्डच्या त्या एकट्या थर्मिस्टरवर सौम्य मांडणी करूनही कदाचित संपादकांचे समाधान झाले असते. फरकावर चालणारी रचना अधिक चांगली आहे याबद्दल मला शंका नाही, ती येथे अपरिहार्य होती का याबद्दल आहे.

दुसरे म्हणजे, बसवण्याच्या दिवशीच प्रत्येक तार एकेक करून उपसून पाहीन. दहा मिनिटांची तपासणी होती आणि ती न केल्याने एक रात्र गेली. तिसरे, ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाची मर्यादा ओलांडली गेल्याची खूण संगणकाकडून बोर्डला यूएसबीमार्फत मिळेल अशी सोय करीन, वेग ठरवण्यासाठी नव्हे, फक्त हवेच्या सेन्सरच्या सांगण्यावर दुसरे मत म्हणून.

नोंदी ठेवण्याची सवय मात्र राहिली आणि तिचा एक न ठरवलेला उपयोग झाला. काही महिन्यांनी त्याच प्रकारच्या रेंडरिंगमध्ये पंखे ६६ ऐवजी ७२ टक्क्यांवर जाऊन थांबू लागले. भार तोच, खोली तीच, म्हणजे त्याच वेगाला हवा कमी वाहत होती. पुढचा फिल्टर काढून धुतल्यावर आकडा पुन्हा ६७ वर आला. संपादक आता फिल्टर कॅलेंडर बघून धूत नाहीत, रेंडरिंगमध्ये पंखे ७० टक्के ओलांडू लागले की धुतात.